कमी खर्चात चांगल्या आवाजाचा जुना एफएम ट्यूनर कसा निवडावा

साधारण 1970 ते 1985 या काळात जपान, युरोप आणि अमेरिकेतील कंपन्यांनी स्वतंत्र एफएम ट्यूनरवर जितकी बुद्धी आणि मेहनत खर्च केली, तितकी नंतरच्या काळात कोणी केलेली दिसत नाही. ट्यूनरमध्ये अॅम्प्लिफायरही नसतो आणि स्पीकरही नसतो. हवेतील लहर पकडून तिच्यातील ध्वनी स्वच्छपणे बाहेर काढणे आणि तो अॅम्प्लिफायरकडे सोपवणे, एवढेच त्याचे काम असते. अमेरिकेत 1 जून 1961 पासून स्टिरिओ एफएम प्रसारण सुरू झाले आणि पुढची दोन-तीन दशके ग्रामोफोन तबकडीच्या जोडीने ट्यूनर हाच घरातील संगीताचा मुख्य स्रोत राहिला. त्यामुळे कंपन्यांची खरी चढाओढ याच यंत्रात होती. आज या संचांना मागणी फारशी नाही, म्हणूनच अॅम्प्लिफायर किंवा टर्नटेबलच्या तुलनेत ते अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत.

खरेदीला निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. संचाची किंमत त्याच्या नावावर ठरते, पण आवाज ठरतो तो संच आपल्या देशातील प्रसारणाला जुळतो का, चाळीस-पन्नास वर्षांनंतर त्याची अंतर्गत जुळवणी कितपत शाबूत आहे आणि त्याला कोणते एरियल जोडले आहे, या तीन गोष्टींवर. मधल्या दर्जाचा, नीट जुळवलेला ट्यूनर चांगल्या एरियलवर जो आवाज देतो, तो नामांकित पण बिघडलेला ट्यूनर हातभर वायरीवर कधीच देऊ शकत नाही. म्हणून हाताशी जे पैसे असतील ते सगळे यंत्रात घालू नयेत. निम्म्याहून थोडे अधिक यंत्रासाठी ठेवावेत आणि उरलेले दुरुस्ती व एरियल यांसाठी बाजूला काढावेत. माझ्या मते हा हिशेब मॉडेलच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचा आहे.

आपल्याकडील प्रसारणाला जुळणारा संच

भारतात एफएमची सुरुवात 1977 साली मद्रासला झाली, तरी ते घराघरांत पोहोचायला नव्वदीचे दशक उजाडले. ट्यूनरचा सुवर्णकाळ तोपर्यंत सरत आला होता. त्यामुळे आपल्याकडे मिळणारे चांगले जुने ट्यूनर बहुतेक परदेशी असतात आणि ते कोणत्या बाजारपेठेसाठी बनवले होते, हे आधी पाहावे लागते.

पहिला प्रश्न पट्ट्याचा, म्हणजे संच कुठपासून कुठपर्यंतची केंद्रे पकडू शकतो याचा. खुद्द जपानमध्ये विकण्यासाठी बनवलेल्या संचांचा एफएम पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झ एवढाच असतो. मुंबईतील केंद्रे 91.1 पासून पुढे लागतात, म्हणजे असा संच कितीही देखणा असला तरी मुंबईत त्यावर एकही केंद्र लागणार नाही. जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींना तेथील हार्ड ऑफसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांच्या जंक (मोडक्या मालाच्या) विभागात असे ट्यूनर अगदी स्वस्तात दिसतात. तेथेच ऐकायचे असेल तर ते जरूर घ्यावेत, पण भारतात आणण्यासाठी घेऊ नयेत. साठ-सत्तरच्या दशकांतील बऱ्याच जर्मन संचांचा पट्टा 104 मेगाहर्ट्झला संपतो, म्हणजे मुंबईतील 104.8 आणि 107.1 ही केंद्रे हातची जातात. डायलच्या उजव्या टोकाला 108 हा आकडा आहे की नाही, हे छायाचित्रातही दिसते. ते पाहिल्याशिवाय विक्रेत्याशी पुढचे बोलणेच करू नये.

दुसरा प्रश्न डी-एम्फसिसचा. हा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एफएम केंद्र प्रसारणापूर्वी उंच स्वरांची पातळी ठरावीक प्रमाणात वाढवते आणि ट्यूनर ती तेवढ्याच प्रमाणात पुन्हा उतरवतो. या उलटसुलट क्रियेत मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो आणि वाटेत मिसळलेली खरखर कमी होते. हे प्रमाण अमेरिकेत आणि दक्षिण कोरियात 75 मायक्रोसेकंद आहे, तर भारतात आणि युरोपात 50 मायक्रोसेकंद. अमेरिकेसाठी बनवलेला संच आपल्याकडे लावला तर तो उंच स्वर गरजेपेक्षा जास्त उतरवतो आणि 10 किलोहर्ट्झच्या आसपास सुमारे 3 डेसिबलची घट पडते. तानपुऱ्याची जवारी मंद वाटते, टाळ-घुंगरांची धार बोथट होते आणि ऐकणारा मात्र ‘जुन्या यंत्राचा उबदार आवाज’ म्हणून तिचे कौतुक करत राहतो. तो संचाचा गुण नसून न जुळलेल्या मानकाचा परिणाम असतो. सुदैवाने तो दुरुस्त करता येतो. त्याची रीत पुढे सांगितली आहे.

तिसरा प्रश्न फक्त डिजिटल आकडे दाखवणाऱ्या संचांपुरता आहे. अमेरिकेत केंद्रांच्या आकड्यातील दशांश नेहमी विषम असतो, म्हणून तेथील काही डिजिटल संच 200 किलोहर्ट्झच्या टप्प्याने 87.9, 88.1, 88.3 असेच पुढे सरकतात. अशा संचावर मुंबईचे 102.8 किंवा पुण्याचे 101.0 नेमके लावताच येत नाही. काट्याच्या डायलवर ही अडचण नाही. युरोपसाठी बनवलेले संच बहुधा 50 किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालतात, त्यामुळे तेही निर्धोक ठरतात.

चौथा प्रश्न विजेचा. अमेरिकी संच 120 व्होल्टचा आणि जपानी 100 व्होल्टचा असतो. ट्यूनरला वीज फार कमी लागते, सहसा 10 ते 20 वॅट, त्यामुळे लहानसा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. तरी त्याचा खर्च आणि टेबलाखालचा एक डबा हे दोन्ही हिशेबात धरावे लागतात.

या चारही कसोट्या एकत्र लावल्या म्हणजे भारतात राहणाऱ्याने युरोप-ब्रिटनसाठी बनवलेले संच किंवा आखाती देशांतून आलेले मल्टी-व्होल्टेज संच आधी पाहावेत, हे उघड होते. ब्रिटिश संचाचा पट्टा, डी-एम्फसिस आणि वीज ही तिन्ही आपल्याला सरळ जुळतात. युरोपीय संचाच्या मागे कधीकधी आरसीए सॉकेटऐवजी पाच पिनांचे गोल डिन सॉकेट असते. त्याची जोडवायर सहज मिळते, म्हणून तेवढ्यासाठी चांगला संच सोडू नये.

नावामागे किती जावे

मराँट्झ 10बी किंवा मॅकिन्टॉश एमआर 78 यांसारखी यंत्रे आपल्या चर्चेबाहेर ठेवू. ती संग्राहकांच्या किमतीला विकली जातात. त्याखालच्या पायरीवर केनवूड केटी-7500, सान्सुई टीयू-717 आणि पायोनियर टीएक्स-9500 टू ही जाणकारांच्या तोंडी असलेली नावे येतात. ती खरोखर चांगली आहेत, पण त्यांची कीर्ती पसरल्यामुळे त्यांचे भावही चढले आहेत. खर्च आवरायचा असेल तर अशाच घराण्यांतील धाकटी भावंडे शोधावीत. सान्सुई टीयू-217 व टीयू-517, केनवूड केटी-5500, यामाहा सीटी-610, पायोनियर टीएक्स-6500 टू आणि ब्रिटनकडील नॅड 4020ए हे ट्यूनर कमी बोलबाल्याचे आहेत, मात्र नीट जुळवले तर अत्यंत समाधानकारक वाजतात. केनवूडचे संच ब्रिटन-युरोपात ट्रिओ या नावाने विकले जात. ते नाव कमी लोक शोधतात, म्हणून त्याच घराण्याचे यंत्र कधीकधी स्वस्तात मिळून जाते. क्वाड एफएम3 मध्ये काट्याच्या मीटरऐवजी दोन दिवे असतात आणि दोन्ही सारखे उजळले की केंद्र अचूक लागले असे समजायचे. वापरायला तो अतिशय सुखद संच आहे.

या वर्गातील बऱ्याच ट्यूनरवर ‘वाइड’ आणि ‘नॅरो’ असा खटका असतो. शेजारी केंद्र फार जवळ असेल तर नॅरो वापरायचे, एरवी वाइड ठेवायचे. वाइडमध्ये विकृती कमी होते आणि स्टिरिओची फाक, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजातील वेगळेपणा, चांगली मिळते. आता मुंबईचा डायल पाहा: 91.1, 91.9, 92.7, 93.5, 94.3. दोन केंद्रांत 0.8 मेगाहर्ट्झचे अंतर आहे, आणि इतक्या मोकळ्या डायलवर साधा ट्यूनरही वाइडवर निवांत चालतो. अमेरिकेतील शहरांत ही केंद्रे दाटीने असतात, म्हणून तेथील परीक्षणांत सिलेक्टिव्हिटीच्या, म्हणजे शेजारच्या केंद्रापासून हवे ते केंद्र वेगळे काढण्याच्या क्षमतेच्या, आकड्याला मोठे महत्त्व दिलेले दिसते. महाराष्ट्रात राहणाऱ्याने त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकाने मात्र नॅरो असलेलाच संच पाहावा. आपल्याला अधिक उपयोगी पडणारा आकडा कॅप्चर रेशोचा आहे, कारण इमारतींवर आपटून उशिरा पोहोचणाऱ्या लहरी मागे सारण्याची ताकद तो सांगतो. तो जितका लहान तितका चांगला, आणि 1 ते 1.5 डेसिबलच्या आसपास असला तर उत्तम.

वरचा पत्रा काढू देणारा विक्रेता भेटला तर आत डोकावून गँग कंडेन्सर पाहावा. डायलच्या चाकाला जोडलेल्या पाकळ्यांच्या गठ्ठ्यात एफएमचे, म्हणजे लहान पाकळ्यांचे, किती कप्पे आहेत ते मोजावे. तीन असले तर पुरे, चार असले तर चांगले, पाच असले तर संच निःसंशय वरच्या दर्जाचा आहे. ऐंशीच्या दशकातील काही चपट्या डिजिटल संचांत जवळजवळ सगळे काम एक-दोन आयसींवर सोपवलेले असते आणि निम्मी पेटी रिकामी दिसते. अशा संचाला जास्त किंमत देऊ नये.

शोध कुठे घ्यावा

मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोडवरील जुन्या दुरुस्तीवाल्यांची दुकाने आणि पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार या ठिकाणी अधूनमधून चक्कर मारत राहणे हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, मात्र त्याला चिकाटी लागते. तेथे सुटा ट्यूनर ओळखणारे लोक कमी असतात. ‘यात आवाज येत नाही’ म्हणून तो बाजूला पडलेला असतो, आणि त्यात स्पीकरच नाही हे विकणाऱ्याच्या ध्यानात आलेले नसते. कोकणातील आणि गोव्यातील अनेक कुटुंबांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातातून सान्सुई, आकाई, टेक्निक्स, सोनी यांचे पूर्ण संच आणले. त्यांतील डेक बिघडले आणि ट्यूनर मात्र कपाटावर पडून राहिला, असे बऱ्याच घरांत आढळते. नातेवाइकांत आणि ओळखीपाळखीत विचारून ठेवावे. मुंबईकडचा दमटपणा आणि कोकणातील खारी हवा यांमुळे अशा संचाच्या पत्र्याला गंज चढलेला असू शकतो. बाहेरचा गंज चालेल, पण गँगच्या पाकळ्यांवर पांढरी बुरशी किंवा गंज दिसला तर संच सोडून द्यावा.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींची स्थिती अधिक सोयीची आहे. नॉर्वेने 2017 साली राष्ट्रीय एफएम जाळे बंद केले आणि स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2024 च्या अखेरीस एफएम थांबवले. अशा देशांत ट्यूनर निरुपयोगी समजून काढून टाकले जातात, आणि ते भारतात अगदी व्यवस्थित चालू शकतात. येणाऱ्या पाहुण्याच्या सामानातून संच मागवायचा असेल तर समोरच्या काचेवर जाड पुठ्ठा बांधून, चहूबाजूंनी कपड्यांत गुंडाळून आणायला सांगावे. ट्यूनर वजनाने अॅम्प्लिफायरइतका जड नसतो, पण डायलची काच फुटली तर तिची जोडी मिळत नाही.

ऑनलाइन खरेदीत ‘चालू स्थितीत’ या शब्दांना अर्थ नसतो, कारण दिवे लागले की बहुतेक विक्रेते यंत्र चालू आहे असे म्हणतात. संच चालू असताना, काटा ओळखीच्या केंद्रावर असताना आणि स्टिरिओचा दिवा पेटलेला असताना काढलेले छायाचित्र मागावे. शक्य असल्यास त्याच वेळचे ध्वनिमुद्रणही मागावे. हे द्यायला टाळाटाळ झाली तर संच न चालणारा आहे असे गृहीत धरूनच किंमत सांगावी.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

तपासणीला जाताना सोबत तीन वस्तू न्याव्यात: बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर, आरसीए पिनांची जोडवायर आणि दीड मीटर लांबीची एरियलची वायर. ट्यूनरच्या मागच्या ‘आउटपुट’ला स्पीकर जोडला की दुकानात उभे राहूनच सगळे कळते.

वीज जोडण्याआधी मागचा व्होल्टेजचा खटका पाहावा. तो 110 वर असेल आणि संच 230 व्होल्टच्या बोर्डात घातला तर फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी जाईल. मग संच चालू करून म्यूटिंगचा, म्हणजे केंद्रांमधली फुसफुस दाबणारा, खटका बंद करावा आणि केंद्र नसलेल्या जागी काटा आणावा. फुसफुस ऐकू आली पाहिजे, आणि मधल्या रेषेचा मीटर (केंद्र अचूक लागले की ज्याचा काटा मध्यावर येतो तो) असेल तर त्याचा काटा त्या फुसफुशीवर मध्याजवळ उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूला झुकलेला असेल तर डिटेक्टरची, म्हणजे लहरीतून ध्वनी वेगळा काढणाऱ्या भागाची, कॉईल जागेवरून सरकली आहे. आता एखादे जोरकस केंद्र लावावे. मधल्या मीटरचा काटा मध्यावर असताना सिग्नलचा मीटर सर्वांत वर गेला पाहिजे. दोन्ही मीटरांचे एकमत होत नसेल, म्हणजे सिग्नल एका जागी कमाल आणि मध्य दुसऱ्या जागी असेल, तर त्या संचाला अलाइनमेंटची, म्हणजे अंतर्गत जुळवणी नव्याने करण्याची, गरज आहे. हा दोष दुरुस्त होण्यासारखा असला तरी किमतीतून त्याचा खर्च वजा करून घ्यावा.

डायलवरील आकडा आणि प्रत्यक्ष केंद्र यांत थोडा फरक असेल, जसे 98.3 चे केंद्र 98.8 वर लागत असेल, तर त्याने घाबरू नये. तो ऑसिलेटरचा, म्हणजे केंद्र निवडण्यासाठी आत लहर तयार करणाऱ्या भागाचा, किरकोळ सरकलेपणा असतो. मात्र डायलच्या डाव्या टोकाला फरक एका दिशेने आणि उजव्या टोकाला दुसऱ्या दिशेने दिसला तर कोणीतरी आतले ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवून ठेवले आहेत असे समजावे. चाक फिरवताना खरखर आली किंवा केंद्र उडी मारून लागले तर गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या पितळी पट्ट्या मळलेल्या आहेत. त्या स्वच्छ करता येतात. काटा हलत नसून चाक नुसतेच फिरत असेल तर डायलची दोरी तुटली किंवा सैलावली आहे. ते कामही हाताने होते, मात्र वेळखाऊ असते.

स्टिरिओचा दिवा एकाच केंद्रावर तपासू नये, कारण एखादे केंद्र मोनोतच चालत असण्याची शक्यता असते. दोन-तीन जोरकस केंद्रांवरही दिवा पेटला नाही, तर दिवाच गेला आहे की स्टिरिओ वेगळे करणारा भाग बिघडला आहे, हे कानाने ठरवावे लागते. मोनोचा खटका दाबून आणि सोडून पाहावा. स्टिरिओत आवाज रुंद होत असेल आणि फुसफुस किंचित वाढत असेल तर फक्त दिवा गेलेला आहे.

आवाज पारखायला गाणे लावू नये, माणसाचे बोलणे लावावे. मुंबईत 102.8 वर विविध भारतीचे निवेदन लावून ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे लक्ष देऊन ऐकावीत. ‘सादर आहे’ किंवा ‘संगीत’ म्हणताना ‘स’ फाटल्यासारखा, थुंकी उडाल्यासारखा येत असेल, तर एक तर एरियलपाशी परावर्तित लहरी येत आहेत किंवा डिटेक्टरची जुळवणी बिघडलेली आहे. वायर फिरवून, तिची जागा बदलून पुन्हा ऐकावे. वायर हलवल्यावर ‘स’ सुधारला तर दोष संचाचा नाही. कितीही हलवून तसाच राहिला आणि प्रत्येक केंद्रावर तसाच असला तर संचाचा आहे. गाण्यात हा दोष झांजांच्या आणि व्हायोलिनच्या आवाजात लपून जातो, बोलण्यात लपत नाही. अॅम्प्लिफायर-स्पीकरच्या मोठ्या व्यवस्थेवर ऐकण्याची गरजही पडत नाही, कारण हा दोष लहान स्पीकरवरही साफ उघडा पडतो.

यानंतर संच अर्धा तास चालू ठेवावा. विक्रेत्याशी चहा घेत बसावे. तेवढ्या वेळात केंद्र आपोआप सरकून आवाज फाटू लागला तर आतील कंडेन्सर वयाने थकले आहेत. निघताना डावी आणि उजवी वाहिनी वेगवेगळ्या ऐकाव्यात. एका बाजूचा आवाज कमी असेल तर पुष्कळदा संचाच्या मागे असलेली आवाजाची कळ (पोटेंशिओमीटर) मळलेली असते.

घरी आणल्यावर

बरीच वर्षे बंद असलेला संच प्रथम सिरीज बल्बवर चालवावा. जुने दुरुस्तीवाले हे आजही करतात. 60 वॅटचा फिलामेंटचा बल्ब संचाच्या मालिकेत जोडला, की आत कुठे शॉर्ट असल्यास बल्ब भक्क पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर लुकलुकून मंद झाला तर काळजी नाही. पत्रा उघडायचा असेल तर आधी बोर्डातून पिन काढावी. खटका बंद असला तरी ट्रान्सफॉर्मर आणि फ्यूजपाशी 230 व्होल्ट असू शकतात.

स्वच्छता करताना कॉन्टॅक्ट क्लीनर सढळ हाताने फवारू नये. गँगच्या दांड्याला टेकणाऱ्या पितळी पट्ट्यांवर काडीच्या टोकाने एक थेंब सोडावा आणि चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही वेळा फिरवावे. फवारा पाकळ्यांवर किंवा ट्रिमरवर गेला तर जुळवणीच बदलते. तांबड्या-पिवळ्या फेराइट गाभ्याचे आयएफटी, म्हणजे जुळवणीच्या लहान कॉईलच्या डब्या, दिसले की पेचकस घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्याच्याकडे एफएम स्टिरिओ सिग्नल जनरेटर आणि संचाची सर्व्हिस पुस्तिका आहे, अशाच माणसाकडून ते फिरवून घ्यावेत. असा माणूस सापडला तर त्याला मागेल ती वाजवी मजुरी द्यावी, कारण संपूर्ण खर्चात आवाजाला सर्वाधिक फळ देणारा पैसा हाच असतो.

अमेरिकी संचाचा डी-एम्फसिस बदलण्याचे काम याच माणसाकडून त्याच बैठकीत करून घ्यावे. स्टिरिओ डीकोडरनंतर डाव्या आणि उजव्या वाहिनीवर एकेक रेझिस्टर व कंडेन्सर मिळून हे प्रमाण ठरते, आणि कंडेन्सरचे माप दोन-तृतीयांशावर आणले की 75 चे 50 होतात. म्हणजे 5 किलोओहमसोबत 0.015 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर तेथे 0.01 चा बसवायचा. दोन्ही वाहिन्यांत एकाच मापाचे आणि चांगल्या फिल्मचे कंडेन्सर असावेत. काही संचांच्या मागे 25, 50 आणि 75 असा खटका तयारच असतो, तेव्हा हे काही करावे लागत नाही. वीजपुरवठ्यातील आणि ध्वनीच्या मार्गातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वय झाल्यामुळे बदलणे योग्यच. बाकीच्यांना हात लावण्याची घाई करू नये.

एरियल

खर्चाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक येथे पडतो. तारेच्या तुकड्यावर ऐकून ट्यूनरला नावे ठेवणाऱ्यांची संख्या मोठी आहे. दुबळ्या सिग्नलवर स्टिरिओत मोनोपेक्षा सुमारे 20 डेसिबल अधिक फुसफुस ऐकू येते, म्हणून जे केंद्र मोनोत ठीक वाटते ते स्टिरिओत खरखरते. दोष ट्यूनरला मिळतो, आणि उपाय मात्र छतावर असतो.

सर्वांत साधे आणि पुरेसे एरियल म्हणजे डायपोल. 98 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींसाठी त्याची एकूण लांबी साधारण 1.45 मीटर होते, म्हणजे प्रत्येकी सुमारे 73 सेंटिमीटरच्या दोन भुजा. दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या किंवा जाड तांब्याच्या तारा लाकडी पट्टीवर एका रेषेत बसवाव्यात, मध्ये दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवावी आणि तेथून 75 ओहमची टीव्हीची गोल केबल खाली आणावी. एका भुजेला केबलची मधली तार, दुसरीला जाळी. दूरदर्शनच्या काळातील चपटी, दोन तारांची 300 ओहमची केबल घरात पडून असेल तर तिचाही घडीचा डायपोल बनतो आणि तो संचाच्या 300 ओहमच्या स्क्रूंना थेट जोडता येतो. गोल केबल 300 ओहमच्या स्क्रूंना जोडायची असेल तर मध्ये बालून, म्हणजे 75 आणि 300 ओहमचा मेळ घालणारा छोटा जोड, घालावा. तो टीव्हीच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतो.

एरियल खिडकीच्या लोखंडी जाळीपासून आणि पाण्याच्या टाकीच्या नळांपासून दूर ठेवावे. आडवे लावून ऐकावे, मग उभे लावून ऐकावे, आणि सिग्नलच्या मीटरपेक्षा ‘स’ कोणत्या स्थितीत स्वच्छ येतो यावर जागा ठरवावी. मीटर परावर्तित लहरींचीही भर मोजतो, त्यामुळे काटा वर असूनही आवाज फाटलेला असू शकतो. दाट वस्तीत एरियल हातभर सरकवले तरी फरक पडतो, म्हणून छतावर एकाने ते धरावे आणि खाली दुसऱ्याने ऐकून फोनवरून सांगावे, ही रीत सगळ्यांत उपयोगी ठरते. जागा ठरली की पट्टी पक्की आवळावी आणि केबलच्या जोडावर पाणी शिरू नये म्हणून रबरी टेप गुंडाळावी. छतावरील एरियल वीज खेचू शकते, म्हणून वळवाचे ढग दाटून आले की ट्यूनरच्या मागची केबल काढून ठेवावी आणि विजेची पिनही बोर्डातून उपसावी.